पाममधली ओली भिंत

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. हे माझ्या आईच्या बाबतीत घडलंय, आणि तिला गोष्टी रचून सांगता येत नाहीत.

१९६६ सालचा श्रावण. गाव पाम, बोईसरजवळ. वेळ भरदुपारची.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. माझे वडील, मारुती, नगर जिल्ह्यातून तिथं कामाला आले होते. देवू नावाच्या शेतकऱ्याच्या घरामागची खोली त्यांनी भाड्यानं घेतली. सोबत आई गोजराबाई आणि तान्हा आनंदादादा. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

पावसाळा लागला आणि मागच्या भिंतीवर बुरशी चढली. काळी, हिरवी. आई पुसायची. सकाळी पुन्हा तशीच. अंथरूण दमट, पिठाला वास. दादाला खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, खोली बदला. पण भर पावसात दुसरी खोली मिळेना.

आई देवूच्या दारात गेली.

"देवूभाऊ, कौलं गळतात. पाणी भिंतीत मुरतंय. तेवढं दुरुस्त करा. पोर हातचं जाईल माझं."

"तुमी आत चूल पेटवता, ओले कपडे टांगता. त्यानंच बुरशी येते," देवू म्हणाला. "आमी नाय काय करणार."

त्यानंतर आईला ते ऐकू यायला लागलं...

खोकला.

बारीक, तान्ह्या मुलाचा. भिंतीतून.

तिला वाटलं, दादाचाच आवाज घुमतोय. पण नाही... आधी भिंत खोकायची. मग दादा.

दर वेळी आधी भिंत.

पलीकडे नुसतं भाताचं शेत. माणूस नाही.

आणि त्या दुपारी, वडील कामावर असताना...

भिंत गप्प झाली.

तिनं झोळीत पाहिलं. दादाचा श्वास मंद होत चालला होता.

तिनं वरवंटा उचलला आणि भिंतीवर घालायला लागली.

"खोक... खोक की रे..."

आवाज ऐकून देवू धावत आला. "माझी भिंत फोडता काय?"

"कान लावा," आई म्हणाली. "एकदा लावा."

त्यानं रागारागानं कान लावला...

आणि तसाच उभा राहिला. आतून बारीक, मंद श्वास ऐकू येत होता.

"आत कोण हाय?" त्यानं हळूच विचारलं.

देवूनं पहार आणली आणि स्वतःच भिंत फोडायला घेतली. विटा पडत गेल्या. आणि मग...

भिंतीतून खोकला आला.

पाठोपाठ झोळीतून.

आई दादाला छातीशी धरून तिथंच खाली बसली.

भिंतीत काहीच सापडलं नाही. ओल्या विटा, माती, बुरशी. बस्स.

देवूनं त्याच दिवशी त्यांना आपल्या घरात घेतलं. कौलं बदलली, भिंत नवी बांधली. पण आई त्या खोलीत परत गेली नाही. पाऊस सरल्यावर बिऱ्हाड जवळच्याच दांडी गावाला हललं.

दादानं आता साठी ओलांडलीय. आई थकलीय. तरी त्याला ताप आला की ती त्याच्या कपाळाला हात लावत नाही. आधी भिंतीला कान लावते.

गेल्या महिन्यात असंच झालं. तिनं कान लावला... काढलाच नाही.

"आई, काय ऐकू येतंय?" मी विचारलं.

तिनं हातानंच मला गप्प राहायला सांगितलं, आणि भिंतीला हळूच म्हणाली, "खोक... खोक की रे..."