सात नंबरचा गारवा

चोर पकडला गेला आणि चोरीचा मालही सापडला.

हे वाक्य कार्यालयाला मान्य नाही. तेव्हा आपणही ते वाचलंच नाही असं धरू आणि सकाळी दहाच्या फोनपासून सुरुवात करू.

"शांताराम, माझ्या चटया गेल्या!"

शांताराम हा दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेतला कनिष्ठ लिपिक. मागे त्याने हरवलेलं स्टेपलर शोधून काढलं होतं; तेव्हापासून सगळ्या चौकश्या त्याच्याच गळ्यात. स्टेपलर त्याच्याच खणात होतं, ती गोष्ट वेगळी.

संशोधक हेमलता रिकाम्या मांडणीसमोर उभी होती.

"कसल्या चटया, मॅडम?"

"नील-हरित शेवाळाच्या. ते स्वतःभोवती बुळबुळीत चीक सोडतं. बहुशर्करा असते ती. तो चीक वाळवून जाळीदार चटया केल्या. पाणी धरून ठेवतात, हळूहळू सोडतात. काम संपलं की मातीत मिसळतात. प्लास्टिकच्या फोमची गरजच नाही."

"किती होत्या?"

"तीन. आठ महिने गेले त्यात. तीन वाजता समिती येतेय. टेबलावर नमुना नसला तर प्रकल्प बंद, आणि माझी नोकरीही."

"संशय कुणावर?"

"भाऊसाहेबांवर. फाइलवर त्यांनीच लिहिलंय, 'व्यावहारिक उपयोग दिसत नाही.'"

"ज्याचा उपयोगच दिसत नाही, ते प्रशासन अधिकारी कशाला चोरतील?"

शांतारामला आपल्या तर्काचं कौतुक वाटलं. इथेच तो चुकला.

जमिनीवर चार-चार बोटं रुंदीच्या हिरवट पट्ट्या पडल्या होत्या. चोराने चटया मापात कापून नेल्या होत्या. शांतारामने एक पट्टी हुंगली. नव्या माठाचा वास.

दुपारपर्यंत त्याने अकरा जणांची चौकशी केली. अकराही जणांनी आपापल्या कूलरची तक्रार केली. बाहेर पंचेचाळीस अंश. दर दोन तासांनी कूलर कोरडे. पाणी भरणारा द्वारका बादल्या घेऊन पळत होता.

"द्वारका, कोई बाहर का आदमी दिखा?"

"फुरसत कहाँ है, साहब? बारह कूलर, दो बाल्टी. भले आदमी तो बस सात नंबर वाले हैं, आज एक बार भी पानी नहीं माँगा."

"चला, कुणीतरी समाधानी आहे," असं म्हणून शांताराम चौकीदाराला झोपेतून उठवायला गेला.

तीनला समिती आली. बैठकीची खोली भट्टीसारखी तापलेली, म्हणून भाऊसाहेबांनी मोठ्या मनाने आपली सात नंबरची खोली दिली. कोपर्निकस मार्गावरून ऑटोत भाजून निघालेल्या अध्यक्षा विजयालक्ष्मीबाई पाच मिनिटांत पदर लपेटून बसल्या.

"नमुना?"

"चोरीला गेला, मॅडम," हेमलता म्हणाली.

तेवढ्यात शांतारामच्या नाकात नव्या माठाचा वास शिरला.

"भाऊसाहेब, तुमच्या कूलरचं गवत कुठंय?"

"गवत? असेल की आत."

"कूलरला गवताच्या बाजू तीन. चटया तीन. जाळीत बसवायला कडा कापाव्या लागल्या. आज सगळ्या कार्यालयाने बादल्या मागितल्या, या खोलीने एकही नाही. आणि हा वास. या चटया पाणी धरतात हे फाइलमध्ये लिहिलंय. ती फाइल वाचलेला माणूस इथे एकच आहे. शेरा मारण्यापुरती का होईना, तुम्ही ती वाचली होतीत!"

भाऊसाहेबांना घाम फुटायला हवा होता. त्या खोलीत ते शक्य नव्हतं.

"अरे यार, तीन वेळा गवत मागवलं. स्टोअर देतंय कुठे?"

"म्हणजे उपयोग आहे!" हेमलता जवळजवळ ओरडलीच.

"बिल्कुल आहे," अध्यक्षा म्हणाल्या. "पण नियमाप्रमाणे नमुना टेबलावर हवा."

चटया काढायला शांताराम कूलरच्या बटणाकडे गेला.

"राहू द्या!" तिन्ही सदस्य एकदम म्हणाले. चार वर्षांत समितीचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

इतिवृत्तात नोंद झाली: नमुना सादर झाला नाही. प्रकल्प बंद.

"शांताराम, चोर तुम्ही पकडलात ना?" बाहेर येऊन हेमलताने विचारलं. "मग घरी मी का चाललेय?"

आपल्या कोरड्या कूलरसमोर बसून शांतारामने चौकशीचा अहवाल लिहिला. शेवट असा:

"तरी प्रकल्पाचा फेरविचार होईपर्यंत खोली क्रमांक ७ मधील कूलर मुद्देमाल म्हणून जप्त करून बंद ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.

मार्फत: मा. प्रशासन अधिकारी, खोली क्रमांक ७."