मोनालीच्या हातातला दोर

शिवलेलं शीड ऑटोतून उतरवून मोनाली काटेपूर्णा धरणावर आली, तवा वारा असा सुटला होता का ओढनी तोंडावरून हटेना. बापाचं अकोल्यात ताडपत्र्यांचं दुकान. ती कॉलेज सोडून तिथंच मशीनवर बसे. कोनाच्या तरी बोटीचं फाटलं शीड शिवाले आलं होतं, तेच पोचवाले आली होती.

"उभी काहून राह्यली? चढ ना," बोटीतल्या पोरानं म्हटलं.

"मी शीड द्याले आली. कामाले नाही."

"मले दोन हात कमी पडून राह्यले. तुये दोन रिकामे दिसतात."

असा आगाऊ. शिवम, अमरावतीचा. बोट सत्तारचाचाची. चाचा जहाजावरून रिटायर झालेले. गुडघे गेले तवापासून काठावर खुर्ची टाकून बसत, अन् बोट शिवमच चालवे.

त्यानं तिच्या हातात दोर देल्ला. डोलकाठीच्या टोकापासून बोटीच्या मागं, तिले धरून ठेवनारे दोन दोर, एक डावीकडं, एक उजवीकडं. वारा ज्या बाजूनं, तिकडचा ताठ पाहिजे. दुसरा ढिला, नाही तं शीड त्याले अडते. बोट वळवाची तं आधी तिनं ढिला ओढून बांधाचा, मंगच त्यानं ताठ सोडाचा.

"अन् ओढलाच नाही तं?"

"डोलकाठी मोडते. आपल्या दोघायचीबी डोकी फुटतात."

"तुयं फुटलं तं काय सांडते?"

तो हसला. लई राग आला तिले. अन् पुढच्या रविवारी ती परत आली.

मंग दर रविवारी... "ओढला?" "ओढला." एवढंच बोलनं. पन इचारताना तो दोराकडं नाही, तिच्याकडंच पाहे.

उन्हाळा सरता सरता चाचानं बोट मालवणच्या मानसाले विकली. बोटीसंगं शिवमही चालला, तिकडंच कामाले. "समुद्र हाय तिथं, मोना," म्हने. इथं मी हाय ना — तिनं गिळलं.

बोट न्याले ट्रक काठावर लागला. शेवटची चक्कर. आता बोट काठाकडं वळवाची होती.

"ओढला?"

"ओढला."

दोर तिच्या पायाशी ढिलाच पडला होता. मोडू दे. मोडकी बोट कोन नेते?

शिवमनं आपला दोर सोडाले हात घातला, अन् मागं पाह्यलं. तोंडच उतरलं त्याचं. झटक्यात सुकाणू परत फिरवलं. बोट होती तशीच सरळ चालत राह्यली.

"काहून?"

"मोडली असती तं तू राह्यला असता."

"डोलकाठी तुया डोक्यावर पडली असती, येडे."

"पडू दे ना मंग..."



"तुयावर जीव हाय माया," तो हळूच म्हनाला. "पन इथं मी काय करू? चाचाची बोट गेली का मी पुन्हा बिनकामाचा चौकात बसेल... तरी तू म्हन. म्हन, मी राहतो."

तिनं त्याच्याकडं पाह्यलं. तो ट्रककडं पाहून राह्यला होता. डोये भरलेले — पन ट्रककडंच.

तिनं वाकून दोर उचलला. तयहात सोलले तरी ओढला, ताठ होईस्तोवर, अन् बांधला.

बोट वळली, काठाकडं निघाली.