बशीतला तपकिरी रंग

"एक्स-रे पलीकडच्या खोलीत," मान वर न करता ती म्हणाली.

"मला इथंच पाठवलंय… पाठ खरवडायला."

त्या मळभलेल्या दिवसात ती पहिल्यांदा हसली.

तो पोहायला शिकवायचा. पाठीवर, खांद्यांवर फिकट-तपकिरी डाग उमटले आणि पालकांनी मुलं पाठवणं बंद केलं. ती त्वचारोगांच्या प्रयोगशाळेत होती. तिनं पातं टेकवलं — "गार लागेल हं" — आणि त्याचा खांदा शहारला. तिची बोटंही.

तो निकाल घ्यायला आला, तेव्हा तिनं ती खरवड वाढवलेली काचेची बशी पुढं केली. खरं तर दाखवायची काही गरज नव्हती.

"हे माझं?"

"तुमचंच. यीस्ट, एक प्रकारची बुरशी. माझ्याही अंगावर असतं, सगळ्यांच्याच. तुमच्याकडे जरा जास्तच लाडावलंय."

"आणि हा तपकिरी रंग?"

"त्याला एकच अमिनो आम्ल दिलं — ट्रिप्टोफॅन. नायट्रोजन हवा तर तेवढंच तोडून मिळवायचा. ते तोडता तोडता हा रंग तयार होतो."

"एकाच गोष्टीवर जगायला लावलंत बिचाऱ्याला!"

"तुम्ही जेवलात का?" तिच्या तोंडून निघून गेलं.

मग ते रोजच कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसू लागले. डाग संसर्गाचे नाहीत, औषधानं जातील, असं रिपोर्टात स्पष्ट होतं. तरी तलावाच्या व्यवस्थापकांनी मान हलवली. "माझा विश्वास आहे हो, पण पालकांची तोंडं कशी धरू?" त्याच्या जागी दुसरा आलासुद्धा. एकदा ती त्याला शोधत तिकडं गेली, तर तो कुंपणाबाहेर उभा राहून नुसता पाण्याकडे बघत होता. हाक न मारताच ती परतली.

शेवटी लांबच्या समुद्रकाठच्या गावात त्याला काम मिळालं.

"चला ना माझ्याबरोबर," बस लागली तेव्हा तो म्हणाला.

"बाबा अंथरुणाला खिळलेत. त्यांना कोण बघेल?"

"मग… मी थांबू?"

हो म्हणायला कितीसा वेळ लागला असता!

"नको. पाण्यावाचून तुम्ही कसे दिसता, ते पाहिलंय मी." मग मान खाली घालून, "पण आवडता तुम्ही मला. फार."

त्यानं तिचा हात घट्ट धरला. कंडक्टर ओरडला तेव्हाच सोडला.

बस हलली. बंद काचेआडून त्यानं काहीतरी विचारलं. इंजिनाच्या घरघरीत तिला एक अक्षर कळलं नाही.

"हो," ती म्हणाली.