रिकामं जातं

उमादेवी त्या दुपारी ओव्या गाणाऱ्या इरम्माकडं निघाली ती एका साध्या कामाला. एक परवानगी तेवढी राहिली होती. आता परवानगी म्हणजे काय मोठंसं, तुम्हीच सांगा. एका बाईनं फोनसमोर दोन शब्द बोलायचे, की संपलं! पण त्या दोन शब्दांवाचून या पोरीचं जर्मनीला जाणं अडलं होतं.

नळदुर्गच्या पुढं हैदराबाद रस्त्यावरून आत वळलं की हिचं गाव. जात्यावरच्या ओव्यांवर पीएचडी केली तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसल्या होत्या, 'गाणी गोळा करून डॉक्टर झाली म्हणं!' पण त्याच ओव्यांनी तिला तिकडच्या एका विद्यापीठाच्या फेलोशिपच्या दारापर्यंत नेलं. नव्या संशोधकांसाठीची फेलोशिप ती. पीएचडी जुनी झाली की दार बंद. दोनदा नकार आला होता, यंदाची ही शेवटची संधी. पोरीच्या पायाला भिंगरी लागलेली, ना जेवणात लक्ष, ना झोपेचा पत्ता.

मुलाखत व्हिडिओवर झाली. मराठी शिकलेली एक जर्मन बाई होती त्यात. सगळं आवडलं तिला. शेवटी म्हणाली, "इरम्मांची संमती मिळाली. पण त्यांच्यासोबत दुसऱ्या बाई गातात, त्यांची संमती कुठे आहे? त्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही."

दुसरी बाई? ओव्या रेकॉर्ड केल्या त्या दिवशी त्या घरात इरम्मा आणि उमादेवी, तिसरं चिटपाखरू नव्हतं. तिनं इयरफोन लावून ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. जात्याची घरघर... इरम्माचा फाटका आवाज... आणि ओवीचा शेवटचा शब्द उचलून एक बारीक, तरणा आवाज. अगदी समोरून आल्यासारखा. उमादेवीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

म्हणून ती निघाली होती. ऊन नुसतं भाजून काढत होतं, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. इरम्मा पडवीत जात्याशेजारीच बसलेली. नव्वदीला टेकलेली बाई, पण कान शाबूत. तिनं इयरफोन लावला, ऐकलं, आणि काढून हळूच खाली ठेवला.

"म्या तुला सांगितलं हुतं, रिकामं जातं फिरवू नगं म्हणून."

खरं होतं ते. त्या दिवशी घरात दाणे नव्हते. इरम्मा म्हणत होती, थांब, शेजारून मूठभर ज्वारी आणते. हिला घाई. 'दाणे कशाला आज्जी, नुसतं फिरवा, आवाज आला म्हंजे झालं!'

"दाणे असले की जातं आपल्या कामात ऱ्हातं," इरम्मा म्हणाली. "रिकामं फिरलं की त्ये माणूस बोलावतं."

"कुणाचा आवाज हाय हा, आज्जी?"

"शिवम्माचा. माजी जाऊ. इथं, माज्यासमोर बसायची. दोघींनी ओढलं की जातं कसं फुलावानी हलकं..." म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "तिला लई वर्सं म्हायेरी धाडलं न्हाय. एका दुपारी उठली, वाटंला सोबत पायजे म्हणून धाकट्या नणंदंला संगं घेतलं, आन् म्हायेरच्या, आळंदच्या वाटंला लागली. दोघी बी पोचल्या न्हाईत. हिरी धुंडाळल्या, नदी धुंडाळली. काय बी गावलं न्हाय."

खरं तर इथंच पोरीनं चप्पल घालून घरचा रस्ता धरायला हवा होता. पण डोक्यात एकच घोकणी, परवानगी, परवानगी.

"मग त्यांनाच विचारते," ती म्हणाली.

"येडी का खुळी तू? म्या हात लावणार न्हाय!" इरम्मा उठून भिंत धरत बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

उमादेवीनं फोन सुरू करून ठेवला आणि खुंटा धरला. जातं जड होतं, दोन्ही हातांनी कसंबसं हललं. दगडावर दगड खरखरला. आणि मग... हलकं झालं. रिकाम्या जात्यातून गरम पिठाचा वास यायला लागला.

"शिवम्मा..." तिनं हाक मारली. "तुमचं गाणं परदेशी नेलं तर चालंल का?"

काही नाही. नुसती घरघर. कान देऊन ऐकलं, तरी काही नाही. म्हाताऱ्या बाया बोलता बोलता थांबल्या की त्यांना पुढं बोलतं करायला ती हुंकार भरायची. तशी सवयच लागलेली. भीतीनं तर जास्तच. "हां... व्हय व्हय... चालंल की," ती म्हणत राहिली, आणि फोन उचलून पळाली. ते रेकॉर्डिंग तिनं परत ऐकलंसुद्धा नाही, तसंच धाडून दिलं.

दोन-चार दिवसांनी जर्मन बाईचा फोन आला. फेलोशिप मिळाली होती! उमादेवी रडायलाच लागली.

"त्या बाईंनी किती छान होकार दिला," बाई म्हणाली. "फक्त त्यांना जरा समजावून सांगा. आमच्याकडे एकाच व्यक्तीची सोय आहे."

"म्हणजे?"

"त्या विचारतात ना, 'मला बी संगं नेशील का?' आणि तुम्ही म्हणता, 'व्हय व्हय, चालंल की.'"

मग रात्ररात्र ती आढ्याकडं बघत पडायची. नको जायला? पण ही संधी गेली की जन्मभर हात चोळत बसायचं. भीती वाटत होती, आणि जायचंही होतं. शेवटी जायचंच ठरलं.

निघायच्या दिवशी ती इरम्माच्या पाया पडायला गेली. म्हातारी जात्यासमोर बसलेली, वाटीत ज्वारी तशीच.

"तुला वाटंला भाकरी द्यावी म्हणलं, तर हे हलंनाच गं. आजवर एकटीनं दळत आले. वाटायचं, हातात अजून जोर हाय." ती उमादेवीकडं बघेना. "नीट जा, बाई. पोचलीस की फोन कर."

एरवी सगळेच असं म्हणतात. उमादेवीला मात्र त्यावर 'हो' म्हणता आलं नाही.

हमरस्त्यापर्यंतची वाट मुरमाची, बॅगेची चाकं रुतायला लागली. सकाळी हीच बॅग उचलताना तिच्या वडलांनी, वीरभद्रअप्पांनी, कंबर धरली होती. तिनं बॅग उचलली आणि भराभरा चालायला लागली. अप्पा मागून धापा टाकत आले.

"अगं दे इकडं, लई जड हाय ती!"

"न्हाय अप्पा..." ती न थांबता म्हणाली. "आता हलकी झालीय."

बॅगेचा अलीकडचा पट्टा तिच्या मुठीत होता. पलीकडचा कुणीच धरलेला नव्हता, आणि तो ताठ ताणलेला होता.