घोडा फुलपाखरू पाच

"जरा वाचून सांगता का? माझं टेबल कुठलं?"

शनिवारची सकाळ. शाळेच्या सभागृहाबाहेर बुद्धिबळ स्पर्धेच्या जोड्या लागल्या होत्या आणि त्या कागदाभोवती ही गर्दी! मी कोपरं मारत कशीबशी पुढे घुसले होते. आवाज मागून आला. शांत, थोडासा मिस्कील. मी वळूनही न पाहता म्हणाले, "चष्मा विसरलात वाटतं?"

"छे! डोळेच विसरलोय. जन्माच्या वेळी."

मी वळले... आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. उंच माणूस, बाह्या दुमडलेला निळा सदरा, हातात पांढरी काठी. आणि चेहऱ्यावर, मला मस्त पकडल्याचा आनंद.

"सॉरी... मला खरंच..."

"माफी नंतर मागा. आधी टेबल सांगा. उशीर झाला तर पंचबाई गय करत नाहीत म्हणे."

पंचबाई म्हणजे माझी सख्खी मावशी. सगळी हयात मुख्याध्यापिका म्हणून गेली, आता निवृत्तीनंतर बुद्धिबळाच्या स्पर्धांवर छडी चालवते. मला सकाळीच तंबी मिळाली होती, "इथे मी तुझी मावशी नाही, लक्षात ठेव."

मी त्यांचं टेबल वाचून सांगितलं. ते नेमकं माझ्या शेजारचं निघालं.

"तुम्ही काय करता?" आत जाताना त्यांनी विचारलं. "बोलण्यावरून शिक्षिका वाटत नाही. शिक्षिका इतक्या लवकर सॉरी म्हणत नाहीत."

"जनावरांची डॉक्टर आहे."

"अरे वा! मी वकील. म्हणजे आपली गिऱ्हाइकं सारखीच. दोघांचीही चावतात."

त्या दिवशी माझं लक्ष माझ्या पटावर कमी आणि शेजारी जास्त होतं, हे कबूलच करते. वकीलसाहेबांनी स्वतःचा वेगळा पट आणला होता. छोटासा, लाकडी. प्रत्येक घराला मधोमध भोक, काळी घरं किंचित उंच, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीकशी टाचणी. समोरचा खेळाडू आपल्या नेहमीच्या पटावर खेळी करी आणि मोठ्याने सांगी. वकीलसाहेब ती पुन्हा उच्चारत, आपल्या पटावर मोहरं खोचत, आणि मग... मग त्यांची बोटं निघत.

ती बोटं कशी सांगू! माझं कामच हातांचं आहे. गाईच्या पोटात आडवं फिरलेलं वासरू मी नुसत्या स्पर्शाने शोधते, त्यामुळे बघणारे हात मला ओळखता येतात. पण असे हात मी पाहिले नव्हते. पटावरून ती बोटं पाण्यावरून वारा जावा तशी जायची. एखाद्या प्याद्यापाशी थबकायची. परत फिरायची. राजाच्या डोक्याला अलगद शिवून पुढे सरकायची, जणू विचारताहेत, बरा आहेस ना रे? आणि मग एकदम, जराही न चाचपडता, घोडा उचलून नेमक्या घरात. टक्!

माझा स्वतःचा डाव मी कसा जिंकले, देव जाणे.

दुपारी व्हरांड्यात चहा घेताना ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी तोंडातून अक्षरही काढलं नव्हतं.

"डॉक्टर, तुम्ही प्यादं ठेवता तेव्हा आवाज येत नाही," ते म्हणाले. "पण हत्ती आपटता. जिंकायला लागलात की जास्तच."

"तुम्ही माझा डाव ऐकत होता?"

"तुम्ही माझा बघत होतात ना? मग फिट्टंफाट."

"मी कुठे बघत होते!" माझे कान तापले.

"तुमच्या समोरचे गृहस्थ सारखे खाकरत होते. तुमची खेळी आली, तुमची खेळी आली, म्हणून." ते हसले. "माझी बोटं इतकी बघण्यासारखी आहेत का?"

मी चहात बघत राहिले. शेवटी म्हणाले, "हो."

वकीलसाहेबांनी रिकामा कप पुन्हा ओठांना लावला.

रविवारी दुपारपर्यंत आम्ही दोघंही हरलो नव्हतो. शेवटच्या फेरीचा कागद लागला आणि या वेळी ते विचारायच्या आतच मी म्हणाले, "पहिलं टेबल. पांढरी मोहरी. समोर... मी."

"अरे देवा," ते हळूच म्हणाले. त्यात भीती होती की आनंद, मला कळलं नाही.

हिशोब साधा होता. जिंकणारा मुख्य स्पर्धेला जाणार. मला नुसती बरोबरी पुरत होती, कारण मी अर्ध्या गुणाने पुढे होते. त्यांना मात्र जिंकणंच भाग होतं. आणि मला ती जागा हवी होती हो! शाळेत असल्यापासून हवी होती. दरवेळी उंबरठ्यापर्यंत जाऊन मी परत आले होते. घरी आईने तर सकाळीच सांगून टाकलं होतं, या वेळी हात हलवत येऊ नकोस.

बसल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "एक अडचण आहे. बी, सी, डी, ई, जी, सगळी अक्षरं कानाला सारखीच लागतात. गडबड व्हायला नको. प्रत्येक उभ्या रांगेला नाव देऊ या. तुम्ही द्या."

"मी? मला जनावरंच सुचणार."

"चालतील की."

मग ए म्हणजे अस्वल झालं, बी बकरी, सी ससा, डी डुक्कर, ई एडका, एफ फुलपाखरू, एच हरीण. आणि जी...

"गाढव," दोघं एकदमच म्हणालो, आणि खुदकन हसलो.

मावशी तरातरा आली. "काय चाललंय?"

वकीलसाहेबांनी सगळं समजावून सांगितलं. मावशीच्या भुवया वर गेल्या. "अक्षरांना नावं द्यायची मुभा आहे. पण गाढव? स्पर्धेत?"

"पंचबाई, नियमांत गाढवाला बंदी आहे का?"

मावशीने बराच विचार केला. "नाही," ती नाइलाजाने म्हणाली, आणि घड्याळ सुरू केलं.

तर त्या गंभीर, श्वाससुद्धा जपून घेणाऱ्या सभागृहात आमचा डाव सुरू झाला. "प्यादं एडका चार." "घोडा ससा सहा." "उंट डुक्कर तीन." शेजारच्या टेबलांवरून आधी दबकं हसू आलं, मग 'शू!', मग शांतता. मीसुद्धा हसणं विसरले. कारण माझ्या लक्षात आलं होतं की हा माणूस खेळतोय ते काही वेगळंच आहे.

माझा राजा कोपऱ्यात सुरक्षित होता. माझी मोहरी नीट लागली होती. कुठे भगदाड नव्हतं. मी पुन:पुन्हा तपासलं. पण त्यांच्या घड्याळातला वेळ सरत आला होता आणि ते खेळी करत नव्हते. बोटं पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याच तिरप्या रेषेवरून जात होती... येत होती.

शेवटी ते एक साधी खेळी खेळले. मी उत्तराची खेळी करून म्हणाले, "बरोबरी देते."

"वकिलाला तडजोड विचारताय?"

"वकील तडजोडी करून देतात म्हणे."

"दुसऱ्यांच्या भांडणात," ते म्हणाले.

"शू!" मावशी.

 मग त्यांचा हात वजिरावर गेला. तिथे जरा विसावला, निरोप घेतल्यासारखा.

"वजीर मारतो गाढव सात. शह."

मला वाटलं, ते चुकले. मला वाईट वाटलं, त्यांच्यासाठी! वजीर नुसता माझ्या राजाच्या तोंडात दिला होता, कुणाचाही आधार नसताना. मी मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा दगडासारखा. राजाने वजीर मारण्यावाचून मला दुसरी खेळीच नव्हती.

"राजा मारतो गाढव सात," मी म्हणाले. 

"घोडा फुलपाखरू पाच."

घोडा मधल्या घरातून बाजूला झाला आणि त्याच्या मागची ती तिरपी रेषा उघडली, पार त्या टोकाच्या बकरीच्या रांगेत कधीपासून मुकाट बसलेल्या उंटापासून थेट माझ्या राजापर्यंत. घोड्याचा शह. उंटाचा शह. दोन्ही एकदम. अंधाऱ्या खोलीत कुणीतरी खिडकीचं दार ढकलावं आणि उन्हाचा एकच झोत आत यावा, तसं झालं मला.  जे मला दोन डोळ्यांनी समोर दिसत नव्हतं, ते या माणसाला कधीपासून दिसत होतं!

राजाला दोनच घरं होती. गाढव सहा, म्हणजे बाहेर उघड्यावर पळायचं. किंवा गाढव आठ, म्हणजे घरी परत. मी दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून पाहिल्या. पळालं तरी मरण होतंच, फक्त फरफट होऊन. पण त्यांच्या घड्याळात अगदी थोडा वेळ उरला होता. पळत राहिले असते तर कदाचित त्यांचा वेळ संपून ते हरले असते, घड्याळाने मला वाचवलं असतं. ती जागा मला मिळाली असती.

मी राजा उचलला. आमच्या टेबलाभोवती आता लोक जमले होते. कुणी चूं करत नव्हतं.

"राजा गाढव आठ."

त्यांची बोटं थांबली. क्षणभरच. मग ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "घोडा हरीण सहा. मात."

माझा राजा माझ्याच प्याद्यांनी, माझ्याच हत्तीने कोंडला होता, दूरच्या उंटाने पळवाट अडवली होती, आणि समोर एकटा घोडा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हरल्याचं नव्हे, शपथ. सूर्योदयाच्या वेळी डोंगरावर उभं असताना येतं ना, तसलं. मागे कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. आणि मावशी, नियमांची मूर्तिमंत मावशी, टाळ्या थांबवायचं विसरून गेली.

बक्षीस घेऊन वकीलसाहेब बाहेर आले तेव्हा मी फाटकापाशी उभी होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"डॉक्टर, एक विचारू? राजा परत का नेलात?" आवाज कोरडा होता. "माझ्याकडे वेळ नव्हता, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही पळू शकत होतात. मला दया नकोय. आयुष्यभर खूप मिळालीय, पोट भरलंय माझं."

मला एकदम राग आला. "दया? गाढव सहावर गेले असते तर घोडा एडका सात, या वेळी दुसऱ्या उंटाबरोबर पुन्हा दुहेरी शह. राजा उघड्या मैदानात. मग तुमचा तो बकरीच्या रांगेतला उंट ससा एकवर, आणि दोरी आवळत जाते. मला वाचवलं असतं ते फक्त घड्याळाने. असल्या डावावर मी घड्याळाने जिंकू? जनावरांची डॉक्टर आहे, जनावर नाही!"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "तुम्हाला... सगळं दिसलं होतं?"

"तुम्ही घोडा हलवल्यावर. त्याआधी आंधळी होते मी."

शब्द निसटला आणि मी जीभ चावली. पण ते इतके मोठ्याने हसले की रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. मग हसू हळूहळू विरलं.

"मी कितीतरी डाव जिंकलोय," ते म्हणाले. "लोक म्हणतात, वा, न बघता कसं जमतं हो? मी काय खेळलो ते कुणी सांगत नाही. तुम्ही पहिल्याच."

संध्याकाळचं ऊन त्यांच्या खांद्यावर पडलं होतं. त्यांची बस थोड्याच वेळात होती. ते दुसऱ्या गावचे. मी मनात म्हटलं, बाई गं, आता नाही तर कधीच नाही.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "डाव नाही. डाव तर आवडलाच. तुम्ही."

  त्यांनी हात पुढे केला. दोन दिवस ज्या हाताला एकही घर शोधावं लागलं नव्हतं, तो हात माझ्यापासून वीतभर लांब, हवेत, चुकला. पुन्हा चाचपडला. माझ्या ओढणीला लागला, तिथून मनगटाला, आणि थांबला. 

"बस चुकली तर चालेल?" मी विचारलं.

"चुकलीच आहे," ते म्हणाले. "कालच. चहाच्या वेळी."