उलट्या तारा

मुलांनो, आधी एक करून बघा. डावा हात समोर धरा आणि शेवटची दोन बोटं तळव्यात मुडपून घ्या. आता त्याच हाताने शर्टाचं बटण लावा... पेनाचं टोपण काढा... चपलेचा पट्टा ओढा. दोन मिनिटांत चिडचिड होते की नाही? मग कल्पना करा, की ती बोटं मुडपलेली नाहीत, ती उरलेलीच नाहीत. आणि तासाभराने तुम्हाला पन्नास माणसांसमोर गिटार वाजवायची आहे.

झाली कल्पना? मग चला आता नवीन पनवेलमधल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. शनिवार आहे, संध्याकाळचे सहा वाजून गेलेत. हॉलमध्ये इंद्रजीतने नुकतीच गिटार मांडीवर घेतली आहे, आणि समोर खिडकीपाशी त्याचे वडील, कृष्णकांत सर, वर्तमानपत्राआड तोंड लपवून बसलेत. वाचत मात्र नाहीत. सगळा जीव कानात गोळा झालाय. आत्ता तो तार छेडेल... आत्ता त्या नव्याकोऱ्या तारांचा आवाज ऐकून त्याचा चेहरा खुलेल...

दोन वर्षं या बापलेकांत बोलणं नव्हतं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या, आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेल्या सरांचा मुलगा हायवेजवळच्या बारमध्ये गिटार वाजवतो, हे त्यांना भरबाजारात एका पालकाने हसत हसत सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी घरी येऊन बजावलं, "त्या दारात मी मेलो तरी पाऊल टाकणार नाही," आणि अबोला धरला. मग सात महिन्यांपूर्वी तळोज्याच्या कारखान्यात इंद्रजीतचा डावा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला. दोन बोटं गेली. सर दवाखान्याच्या जिन्यावर तीन दिवस बसून राहिले, पण वर खाटेपाशी जाऊन बोलणं त्यांना जमलं नाही. जन्मभर शब्दच शिकवत आलेल्या त्या माणसाला नेमका हवा तो एक शब्द सापडत नव्हता.

म्हणून आज दुपारी, घरात कुणी नसताना, ते गिटार रिक्षात घालून जुन्या पनवेलमध्ये अझहरच्या दुकानात घेऊन गेले होते. गंजलेल्या तारा बदलून आणायच्या आणि गुपचूप जागेवर ठेवायची. बोलायला नको, काही नको.

अझहरने गिटार उलटसुलट पाहिली होती. "सर, कुणा अनाड्याने तारा उलट्या चढवल्यात. जाडी तार वर पाहिजे, ती खाली आहे. सीधी करून देतो, बेफिकीर राहा."

"हो, सरळ करून द्या," सर म्हणाले होते. वाकडं दिसलं की सरळ करायचं, इतकंच त्यांना ठाऊक.

इंद्रजीतने तारांवरून अंगठा फिरवला आणि तो थांबला.

"या तारा कुणी बदलल्या?"

स्वयंपाकघरातून त्याची बायको नीता बाहेर आली. टेबलावर गृहपाठ करणाऱ्या अकरा वर्षांच्या ऋचाने मान वर केली.

"मी," सर म्हणाले. दोन वर्षांतला तो पहिला शब्द.

इंद्रजीतचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे मी आज जाऊ नये म्हणून. आप्पा, दोन वर्षं घरातल्या खांबासारखं वागवलंत मला, ते सोसलं मी. पण हे असं चोरून? समोर उभं राहून सांगायचंत, की जाऊ नकोस."

"मी फक्त... सरळ करून..."

"सरळ. तेच ते." त्याचा आवाज चिरकला. "लहानपणी मी डाव्या हाताने लिहायचो. पट्टी मारून मारून तुम्ही मला सरळ केलंत. आता या हाताने तारा दाबता येत नाहीत, म्हणून मी गिटारच फिरवून घेतली. उजव्याने दाबतो, डाव्याच्या तीन बोटांनी छेडतो. तारा उलट्या लावल्या तरच ते जमतं. सात महिने लागले हो मला उलटं व्हायला! एकट्याने पुन्हा चढवायच्या तर दोन तास जातील. सातला पोचायचंय."

"अहो, बारवाल्या जगनला फोन करून बघा," नीता म्हणाली.

"त्याने एकच दिवस दिलाय. आज नाही जमलं तर तो कराओकेचं मशीन लावणार आहे. तोंडानेच सांगून येतो, लाव म्हणून." गिटार सोफ्यावर टाकून तो चपला घालून निघून गेला. पट्टा लावायलाही थांबला नाही.

नीता दाराकडे बघत राहिली. "आप्पा, दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाहीत, आणि हात लावलात तो नेमका या गिटारला."

तुझ्यासाठीच आणल्या रे, दुकानातल्या सगळ्यांत चांगल्या... हे सरांच्या ओठांपर्यंत येऊन परत गेलं. त्यांच्या डोळ्यांसमोर एक इवलासा डावा तळवा आला होता, घामेजलेला, पट्टीची वाट बघत पुढे धरलेला. मूल रडायचं नाही. नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघायचं. आणि तो हात मुळात वाकडा नव्हताच... वर्तमानपत्रावर टप टप थेंब पडू लागले.

"आजोबा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" ऋचा जवळ येऊन उभी होती.

"नव्हतं ग बाळा. तो तर दार लावूनच वाजवायचा."

"मग रडू नका. मला येतं. मागच्या वेळी बाबांना मीच चढवून दिल्या होत्या. दोघांनी केलं तर पटकन होतं."

मग त्या घरात उलटी शाळा भरली. ऋचाने तारा सैल केल्या, डोक्याकडची खाचांची पट्टी फिरवून बसवली, आणि जाड तार आजोबांच्या हातात दिली.

"ही सगळ्यांत खाली."

"खाली?"

"तुम्हाला खाली. बाबा धरतात तेव्हा ती वर येते. आता खुंटी पिळा. अहो, तशी नाही, तुटेल. किती घट्ट धरता."

पातळ तारेचं टोक सरांच्या अंगठ्यात घुसलं. रक्ताचा ठिपका आला. त्यांनी घाईने ती ओढली, तशी ती निसटून सुटली.

"घाई नको," ऋचा म्हणाली. "चुकलं तर पुन्हा करू."

वर्गातल्या हजारो मुलांना सर हेच सांगत आले होते. फक्त एकाच मुलाला सांगायचं राहून गेलं होतं.

सात वाजून गेले तेव्हा तिघं हायवेजवळ रिक्षातून उतरली. काचेवर 'फॅमिली रेस्टॉरंट' लिहिलं होतं. बार आतल्या पडद्यापलीकडे. नीता ऋचाला घेऊन बाहेरच्या टेबलाशी बसली. सर पडद्यापाशी थबकले. आत हसणं, ग्लासांचा आवाज, तळलेल्या मासळीचा वास... त्यांनी गिटार छातीशी धरली आणि पाऊल आत टाकलं.

"अरे मेलो, सर!" पहिल्याच टेबलावरच्या टकल्या माणसाने ग्लास टेबलाखाली लपवला.

"असू दे रे," सर म्हणाले. "पाठ तेवढी ताठ ठेवून बस."

गल्ल्याजवळ इंद्रजीत खाली मान घालून उभा होता आणि जगन म्हणत होता, "दादा, माझा पण इलाज नाय. पब्लिक थांबत नाय हाय."

सरांनी गिटार पुढे केली. "उलट्या लावल्यात. ऋचाने शिकवलं मला."

इंद्रजीत बघतच राहिला. "आप्पा... तुम्ही इथे?"

"तू इथे वाजवतोस ना." बाकीचं बोलायला त्यांना फार जोर लावावा लागला. "मला माहीत नव्हतं रे. चांगल्या तारा म्हणून आणल्या होत्या. आणि ती पट्टी... ती मारायला नको होती मी. तुझा हात चांगला होता."

इंद्रजीतने वडिलांचा अंगठा बघितला, त्यावरचा सुकलेला ठिपका बघितला. त्याने खाली वाकून आपलं कपाळ क्षणभर त्या हातावर टेकवलं, आणि गिटार घेऊन मंचावर चढला.

सर मंचालगतच्या खुर्चीत बसले. पहिलं गाणं चांगलं गेलं. दुसरं सुरू झालं तसं सरांच्याही कानाला कळलं, की काहीतरी बिघडतंय. नव्या तारा ताणून बसलेल्या नसतात, वाजवता वाजवता त्या उतरतात. सगळ्यांत पातळ तारेचा सूर खाली घसरला होता. इंद्रजीतचे दोन्ही हात गुंतलेले, खुंटीला हात लावायचा तर गाणं थांबवायला हवं. त्याच्या कपाळावर घाम आला.

"जगनशेठ, मशीनच बरं होतं," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. जगन मशीनच्या बटणाकडे वळला. सर जागेवरून उठले आणि तसेच उभे राहिले. काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

पडदा हलला.

"ए पोरी, तू आत नाय यायचा!" जगन ओरडला.

ऋचा थांबली नाही. टेबलांमधून वाट काढत ती मंचावर चढली, वाजवणाऱ्या बाबांच्या बाजूला चवड्यांवर उभी राहिली, गिटारच्या डोक्याशी कान नेला आणि त्या पातळ तारेची खुंटी केसभर, पुन्हा केसभर पिळू लागली. सूर हळूहळू वर चढला. शेजारची तार आता उतरत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, फक्त दुसरा हात मागे केला, आजोबांची बाही पकडली आणि त्यांना मंचावर ओढून घेऊन त्यांची बोटं त्या दुसऱ्या खुंटीवर ठेवली.