अक्रोडाच्या वाट्या

नील्स ऑकरची कवटी वरून फुटली होती. रक्त खुर्चीच्या पाठीवरून ओघळून खालच्या भुशात मुरलं होतं आणि भुशाचा लाल चिखल झाला होता. डोक्यावर मात्र हेडफोन नीट बसवलेले होते. अक्रोडाच्या लाकडाच्या वाट्यांचे, याच कारखान्यात घडवलेले.

डिटेक्टिव्ह ऑरिन पेल्टन दारातच थांबला. वय एकसष्ट. बायको गेल्यापासून त्याला कुठलीच घाई नसे.

डेप्युटी तमारा त्याच्या पुढे आत गेली. तिचं तोंड वाकडं झालं.

"सर, फोटो झालेत. हे बंद करू?"

"कर."

तिने हातमोज्याच्या बोटाने टेबलावरच्या यंत्राचं बटण फिरवलं आणि कान चोळला. ऑरिनला कसलाच फरक जाणवला नाही. तो खाली पडलेला हातोडा बघत होता. त्याला केस चिकटले होते.

बाहेर ओंडक्यावर वेंडेल स्टॉक बसला होता. नील्सचा भागीदार, पासष्टीचा. इथला प्रत्येक हेडफोन त्याने ऐकून पसंत केल्याशिवाय बाहेर जात नसे. वाटीच्या आत त्याचं नाव कोरलेलं असे. गिऱ्हाइकं त्या नावाचे पैसे मोजत. त्याचे हात कोपरापर्यंत रक्ताळले होते.

"तूच पहिल्यांदा पाहिलंस त्याला?"

"मीच. नाडी बघायला गेलो, म्हणून हात भरले."

"मग?"

"तुम्ही येईपर्यंत शेजारी बसून राहिलो. एकटं कसं सोडू, ऑरिन? वीस वर्षं एका टेबलावर जेवलोय."

"तो काही ऐकत होता?"

"नाही. सगळं शांत होतं."

"नक्की?"

"अरे, या वाट्यांना मागे नुसती जाळी असते. पाठ उघडी. आतलं गाणं खोलीभर ऐकू येतं. वाजत असतं तर मला कळलं नसतं?"

"आणि बाहेरचं आत?"

"तेही येतं. तेच सांगतोय तुला. मागून पाऊल वाजलं तर त्याला ऐकू आलं असणार. तरी तो वळला नाही. अनोळखी माणूस असता तर वळला असता." वेंडेलने घराकडे पाहिलं. खिडकीत नील्सची बायको इनेझ उभी होती. "मी कुणाचं नाव घेत नाही. पण दुपारी ती केवढ्याने ओरडत होती, ते शेजाऱ्यांना विचार."

शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. 'बंद कर, नाहीतर फोडून टाकीन.' हातोडा घरातलाच निघाला. तसबीर टांगायला इनेझनेच तो सकाळी वापरला होता. शेरीफने फोनवर दोन वाक्यांत निकाल लावला. "बाईला आत टाक. उगाच घोळ घालू नकोस."

इनेझ स्वयंपाकघरात बसली होती. वय एकतीस. रडून चेहरा सुजला होता.

"तुम्ही ओरडलात?"

"ओरडले. डोकं फुटायची वेळ आली होती. सकाळपासून ती शिट्टी चालू होती."

"कसली शिट्टी?"

"त्या हेडफोनमधली. सुईसारखी. नील्स म्हणाला, वेंडेल येऊन जाऊ दे, मग बंद करतो."

"वेंडेलचा काय संबंध?"

"ते नाही सांगितलं. पण गिऱ्हाइकं माल परत पाठवतायत. कानाला टोचतो म्हणे. नील्सची झोप उडाली होती." तिने मान वर केली. "तुम्ही मला नेणार ना?"

ऑरिन बाहेर पडला. तो अंगणात तमाराजवळ गेला.

"तू मघाशी काय बंद केलंस?"

"ती शिट्टी." तमारा त्याच्याकडे बघत राहिली. "सर, तुम्हाला नाही आली ऐकू?"

"नाही."

बायको रूथ असताना दोघं झाडाखाली उभे राहत. ती त्याचं कोपर धरून म्हणे, ऐक, किती बारीक गातायत. त्याला नुसते पक्षी दिसत. तो रूथचा चेहरा बघून मान हलवत असे.

प्रेत नेल्यावर त्याने वेंडेल आणि इनेझला कारखान्यात बोलावलं. त्याच्या सांगण्यावरून तमाराने तसाच दुसरा हेडफोन यंत्राला जोडून टेबलावर ठेवला होता.

"घाव हेडफोनच्या पट्ट्याखाली आहे," ऑरिन म्हणाला. "कवटी आत गेली, पण पट्ट्यावर ओरखडासुद्धा नाही. म्हणजे मारलं तेव्हा त्याने हेडफोन घातलेच नव्हते. मारणाऱ्याने ते नंतर चढवले. नील्स निवांत ऐकत बसला होता आणि घरचंच माणूस मागून आलं, असं दिसावं म्हणून."

"हिनेच चढवले असतील," वेंडेल म्हणाला.

"हिने आधी शिट्टी बंद केली असती. दिवसभर त्यासाठीच तर भांडत होती. कान शाबूत असलेला कुणीही ते वाजते हेडफोन हातात धरून उभा राहिला नसता. ती चालू आहे हे ज्याला कळलंच नाही, त्यानेच हेडफोन चढवले."

"कसली शिट्टी? मी शेजारी बसलो होतो. सगळं शांत होतं."

"आत्ता कसं आहे?"

"शांत."

इनेझने दोन्ही कान दाबले होते. तमाराचे दात आवळलेले होते. वेंडेलने एकीकडून दुसरीकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"ती शिट्टी तुझे कान तपासायला लावली होती. तू आलास आणि तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस," ऑरिन म्हणाला. "नील्सला उत्तर मिळालं. माल का टोचतो, तेही कळलं. जे बारीक आवाज वयामुळे तुला ऐकू येत नाहीत, ते तू वाढवत होतास."

वेंडेलने भिंतीवरची पटाशी ओढली आणि इनेझवर धाव घेतली. ऑरिन मध्ये आला. पातं त्याच्या तळहातातून आरपार गेलं. वेंडेलने ते पिळून उपसलं आणि पुन्हा हात उगारला. तमाराने त्याला मानगुटीला धरून लाकूड कातायच्या लेथच्या लोखंडावर आदळलं. एकदा. तरी पटाशी सुटेना, म्हणून पुन्हा. त्याचा दात भुशात पडला. तिसऱ्यांदा त्याचं मनगट मोडलं.

बेड्या पडल्यावर तो रक्त थुंकत बोलला.

"नील्स म्हणाला, वेंडेल, तुझे कान गेले. उद्यापासून वाटीत तुझं नाव नको. एवढंच म्हणाला. शिट्टीचं काही बोलला नाही."

ऑरिनने हाताला फडकं गुंडाळलं. "इनेझ, तुम्ही घरी जा. तुम्हाला कुणी नेणार नाही."

ती हलली नाही.

"ऑरिन," वेंडेलने हळूच विचारलं, "अजून वाजतंय का?"

ऑरिनने इनेझच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला.